कोण कोणाच्या जिवावर? : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा शेवट ‘कोणतं औषध मारू?’ असा आहे. औषधाची पाळी क्वचितच येते. त्याआधी तळ्यात, कुंडीत किंवा शेतात कोण कोणाला खातं, कोण कोणाला राखतं आणि यातलं कोण नाहीसं झालंय, हे बघावं लागतं. पत्रं थोडी काटछाट करून घेतली आहेत.

प्रश्न : ३० बाय ३० मीटरचं, प्लॅस्टिक अस्तर टाकलेलं शेततळं आहे. जुलैत कटला, रोहू, मृगळ मिळून २,००० बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) सोडली. पाणी हिरवं व्हावं म्हणून दर आठवड्याला शेण टाकत होतो. परवा तीन दिवस आभाळ भरून होतं. चौथ्या दिवशी पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत होते. उजाडेपर्यंत दीडेकशे मेले, त्यात मोठेच जास्त. कोणी विष टाकलं असेल का? कळीचा चुना आणून ठेवलाय, टाकू का?
(वाचक, सांगोला)

उत्तर : चुना सध्या गोणीतच राहू द्या. विषाचा संशयही सोडून द्यायला हरकत नाही. विष पडलं की लहान मासे आधी जातात, बेडूक आणि पाणकिडेही मरतात, आणि हे दिवसाच्या कुठल्याही वेळी होतं. तुमच्याकडे मोठे मासे आधी मेले, तेही पहाटे, आणि उरलेले ऊन वर आल्यावर सावरले असणार. पाण्यातला प्राणवायू संपल्याची ही खूण आहे.

पाण्याचा हिरवा रंग सूक्ष्म शेवाळाचा. पुस्तकी नाव वनस्पती प्लवंग. शेणातलं अन्नद्रव्य शेवाळ घेतं, शेवाळावर डोळ्यांना जेमतेम दिसणारे प्राणी प्लवंग पोसतात आणि त्यांच्यावर कटला. ही साखळी चालावी म्हणूनच शेण टाकायचं असतं, इथवर तुमचं बरोबर आहे. पण शेवाळ प्राणवायू तयार करतं ते फक्त उन्हात. श्वास मात्र ते चोवीस तास घेतं. मासेही घेतात, आणि तळाशी शेण कुजवणारे जिवाणू तर सगळ्यांत जास्त घेतात. म्हणजे दिवसा जमा, रात्री नुसता खर्च. ३० अंश तापमानाच्या पाण्यात लीटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. भर दुपारी हिरव्या पाण्यात तो याहूनही वर जातो आणि पहाटे ४ ते ६ च्या सुमारास सर्वांत खाली येतो. कटला-रोहूसारख्या कार्प माशांना ५ मिलिग्रॅमच्या पुढे बरं असतं. ३ च्या खाली ते हैराण होतात, १ च्या खाली मरू लागतात. तीन दिवस आभाळ भरलेलं राहिलं, जमा घटली, खर्च तेवढाच राहिला. चौथ्या पहाटे शिल्लक संपली.

त्यात संख्या. तुमच्या तळ्याचं पाणपृष्ठ ९०० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरच्या अकराव्या हिश्श्याएवढं. हवा खेळवण्याचं यंत्र नसेल तर हेक्टरी ५,००० बोटुकलीचा हिशोब धरतात. त्या हिशोबाने तुमच्या तळ्यात ४५० पुरे होती. २,००० म्हणजे चौपटीच्या वर. बोटुकली बोटाएवढी असताना हे खपून जातं. मासा पाव किलोच्या घरात आला की नाही.

मासे पुन्हा वर आलेले दिसले तर खाद्य आणि शेण ताबडतोब बंद करा. तळ्यातलंच पाणी पंपाने उचलून पाइपच्या तोंडाशी झारी किंवा भोकं पाडलेला डबा बांधा आणि दीड-दोन मीटर उंचीवरून परत तळ्यात पडू द्या. पाणी जेवढं फुटून थेंब थेंब होऊन पडेल तेवढी हवा विरघळते. बोअरचं पाणी सोडायचं तर तेही असंच वरून. जमिनीखालून आलेल्या पाण्यात प्राणवायू नावालाच असतो, ते नळीने तळाशी सोडलं तर उलट नुकसान होतं. पंप रात्री ११-१२ ला सुरू करून सूर्य चांगला वर येईपर्यंत चालवा. मासे वर आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ढगाळ रात्री आधीच चालू ठेवलेला बरा. मेलेले मासे त्याच दिवशी काढून पुरा, नाहीतर ते कुजायलाही प्राणवायू लागणार.

कळीचा चुना का नको? शेण आणि माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया साठलेला असतो. चुन्याने पाण्याचा सामू (पीएच) एकदम चढतो, आणि सामू चढला की त्याच अमोनियाचा विषारी हिस्सा वाढतो. अर्धमेल्या माशांवर तो शेवटचा घाव ठरतो. तळं सावरल्यावर सामू मोजा. तो ७ च्या खाली असेल तरच गुंठ्याला २ किलोच्या हिशोबाने, म्हणजे तुमच्या तळ्याला १८ किलोच्या आसपास, शेतीचा चुना पाण्यात कालवून सकाळी पसरा.

पुढच्या हंगामासाठी पत्र्याचं २० सेंटीमीटर व्यासाचं झाकण घ्या. चार भाग करून आळीपाळीने काळा-पांढरा रंग द्या, मधोमध काठी बसवा आणि काठीवर सेंटीमीटरच्या खुणा करा. सकाळी १० च्या सुमारास, सूर्य पाठीशी ठेवून, हे झाकण पाण्यात उतरवा. ते दिसेनासं होतं ती खोली २५ ते ४० सेंटीमीटर असेल तर तळं ठीक आहे. २० च्या आत नाहीसं झालं तर शेवाळ फार झालंय, शेण थांबवा. ४० च्या पुढेही दिसत असेल तर माशांच्या ताटात काही नाही, थोडं शेण द्या. दर आठवड्याला ठरावीक पाट्या टाकण्याचा नियम हा मोजमापाला पर्याय नव्हे.

अस्तराच्या तळ्याची आणखी एक खोड आहे. मातीच्या तळ्यात गाळातले किडे, अळ्या आणि कुजकं मृगळ खातो. प्लॅस्टिकवर गाळच नसतो, म्हणून मृगळ उपाशी राहतो आणि उरलेलं खाद्य तळाशी तसंच सडतं. कटला, रोहू, मृगळ यांचं नेहमीचं ४:३:३ प्रमाण तुमच्याकडे बदला, मृगळ कमी करा. भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समसमान मिसळून माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के रोज द्या. ४०० मासे सरासरी २०० ग्रॅमचे असतील तर वजन झालं ८० किलो आणि खाद्य १.६ ते २.४ किलो. ढगाळ दिवशी शून्य.

प्रश्न : सोयाबीन ४० दिवसांचं आहे, पानं पिवळट दिसतात. रोप उपटलं तर मुळांवर गाठी मोजक्याच, फोडून पाहिल्या तर आतून पांढऱ्या. बियाण्याला बुरशीनाशक आणि रायझोबियम (मुळांवर गाठी करणारा जिवाणू) एकत्रच चोळलं होतं. युरिया टाकू का? आणि सोयाबीननंतर हरभऱ्याला नत्र लागत नाही असं म्हणतात, ते खरं का?
(वाचक, औसा, जि. लातूर)

उत्तर : रोप उपटून गाठी मोजू नका, निम्म्या मातीतच तुटून राहतात. खोडापासून १०-१५ सेंटीमीटर अंतर सोडून खुरप्याने मातीच्या ढेकळासकट रोप काढा, बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या. मग गाठी ब्लेडने कापा. आतून गुलाबी ते लालसर दिसली तर गाठ कामाला लागलेली आहे. पांढरी असेल तर ती कोवळी तरी आहे किंवा निकामी, आणि चाळिसाव्या दिवशी कोवळेपणाची सबब फारशी चालत नाही. हिरवट-तपकिरी म्हणजे म्हातारी झाली. दाणे भरताना बहुतेक गाठी अशा होतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्या जातकुळीचा आहे. हवेतलं नत्र फोडणारं जिवाणूचं विकर प्राणवायू लागला की बिघडतं, पण जिवाणूला श्वासाला तर प्राणवायू हवाच. हे गुलाबी द्रव्य प्राणवायू धरून ठेवतं आणि बेताबेताने सोडतं. झाड जिवाणूला घर देतं, साखर देतं. जिवाणू झाडाला नत्र देतो. फुकट कोणीच काही देत नाही. म्हणूनच जमिनीत युरिया भरपूर असला की झाड गाठी करायच्या भानगडीत पडत नाही.

तुमच्याकडे बहुधा बुरशीनाशकानेच जिवाणू मारले. क्रम असा हवा : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि जिवाणू संवर्धक सर्वांत शेवटी, पेरणीच्या दिवशीच. रासायनिक प्रक्रिया काही दिवस आधी उरकता आली तर उत्तम. १ लीटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा, त्यात संवर्धक कालवा. भुकटी असेल तर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट, द्रवरूप असेल तर १०० मिलिलीटर. हलक्या हाताने चोळा. सोयाबीनची साल पातळ असते, जोर लावला तर फाटते आणि उगवण जाते. सावलीत सुकवून लगेच पेरा. पाकीट सोयाबीनचंच हवं. हरभऱ्याचा किंवा तुरीचा जिवाणू सोयाबीनच्या मुळांवर गाठी करत नाही. पाकिटावरची अंतिम तारीख बघा आणि दुकानदाराने ते उन्हात मांडलं होतं का, तेही.

शेतात पाणी साचलं असेल तर तेच आधी काढा, कारण मातीतली हवा संपली की चांगल्या गाठीही मरतात. चर काढून, वाफसा आल्यावर कोळपणी केली तर आठ-दहा दिवसांत फरक दिसायला हवा. पिवळेपणा फक्त वरच्या कोवळ्या पानांत असेल आणि शिरा हिरव्या असतील तर ती नत्राची नव्हे, लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचंच. तिथे युरियाचा काही उपयोग नाही. नत्राची कमतरता खालच्या जुन्या पानांपासून सुरू होते.

हरभऱ्याचं म्हणाल तर तोही स्वतःच्या गाठींतून नत्र मिळवतो, म्हणून त्याला कमी लागतं. त्याचं श्रेय सगळं सोयाबीनला देऊ नका. १० क्विंटल सोयाबीनमध्ये ४० टक्के प्रथिनं धरली तर ४०० किलो प्रथिनं होतात, आणि त्यात ६४ किलो नत्र असतं. ते पोत्यात भरून बाजारात गेलं. जमिनीत राहतात ती मुळं, गळलेली पानं आणि तुम्ही राखलं तर भुसकट. ते पेटवलं तर सोयाबीनने जमीन सुधारली असं म्हणण्यात अर्थ नाही.

प्रश्न : गॅलरीतल्या जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी येतं. तीनदा फवारणी केली, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. शिवाय मुंग्यांची रांग असते. मुंग्या ते किडे खात असतील तर राहू द्याव्यात का?
(वाचक, डोंबिवली)

उत्तर : मुंग्या किडे खात नाहीत, किडे राखतात. कापसाखाली पिठ्या ढेकूण आहे. तो सोंड खुपसून झाडाचा रस पितो. त्या रसात साखर भरपूर आणि नत्र अगदी थोडं. पुरेसं नत्र मिळवायचं तर पुष्कळ रस प्यावा लागतो आणि नको असलेली साखर मागून थेंबाथेंबाने बाहेर टाकावी लागते. मुंग्यांना हवा असतो तो हाच मधुरस. त्याच्या बदल्यात पिठ्या ढेकणाला खायला आलेले ढालकिडे आणि त्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाशीच्या जातीतल्या बारीक माश्या त्या हुसकावून लावतात. पानांवर सांडलेल्या मधुरसावर काळी बुरशी चढते. पानं काजळी धरल्यासारखी दिसत असतील तर तीच.

त्यामुळे पहिलं काम मुंग्यांची वाट तोडायचं. कुंडी विटेच्या तुकड्यावर आणि वीट पाणी भरलेल्या ताटलीत ठेवा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका, म्हणजे मुंगी तरंगून पार जात नाही आणि डासही होत नाहीत. पाणी आठवड्याला बदला. एवढं करूनही रांग दिसली तर एखादी फांदी भिंतीला, ग्रिलला किंवा शेजारच्या कुंडीला टेकलेली सापडेल. तो पूल छाटा.

मग जास्त लागण झालेले शेंडे कापून थेट साबणाच्या पाण्यात बुडवा. कंपोस्टच्या बादलीत टाकले तर पिल्लं चालत परत येतात. उरलेल्यांसाठी १ लीटर कोमट पाण्यात ५ मिलिलीटर कडुनिंबाचं तेल आणि १-२ मिलिलीटर पातळ साबण घुसळा आणि संध्याकाळी पानांच्या खालून, खोबणीत, नेम धरून मारा. आधी दोन पानांवर मारून दोन दिवस बघा; कोवळी जास्वंद कधी कधी भाजते. दर ७ दिवसांनी असं तीनदा करा. तुमची फवारणी फसते ती इथे : मादीच्या कापसाच्या पिशवीत शेकडो अंडी असतात, मेणामुळे औषध तिथवर पोहोचत नाही, आणि आठवड्याभरात नवी पिल्लं बाहेर येतात. शेणखत-युरिया सढळ हाताने घालत असाल तर तेही आवरा. लुसलुशीत वाढीवर ही कीड जास्त पोसते.

आता एक सावधगिरी. फवारण्याआधी भिंग घ्या आणि त्या कापसात कोणी भरभर चालतंय का ते बघा. पिठ्या ढेकूण सुस्त असतो, बोट लावलं तरी जेमतेम हलतो, आणि त्याच्या अंगाची मेणाची झालर आखूड व नीटस असते. क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळीही पांढऱ्या मेणाने झाकलेली असते, पण तिच्या अंगावरच्या मेणाच्या बटा लांब आणि अस्ताव्यस्त असतात, ती आकाराने मोठी असते आणि पिठ्या ढेकणांच्या घोळक्यातून त्यांना खात फिरते. चिमटीत धरून हिला चिरडणारे पुष्कळ आहेत. हिचा प्रौढ भुंगेरा चार मिलिमीटरचा, पाठ काळी, डोकं नारिंगी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आपल्याकडे १८९८ पासून आहे. तो दिसला तर फवारणी थांबवा.

पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. ही कीड मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. २००८ मध्ये ती कोइमतूरकडे आढळली आणि तिथून महाराष्ट्रासह इतर राज्यांत पसरली. पपई, तुती, टॅपिओका, काही सोडलं नाही. फवारण्यांनी ती हटली नाही, कारण तिला खाणारं इथे कोणी आलंच नव्हतं. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून तिच्यावरच जगणाऱ्या तीन जातींच्या परोपजीवी माश्या आणल्या गेल्या आणि बंगळुरूच्या संस्थेतून वाटल्या गेल्या. त्यांपैकी ॲसेरोफॅगस पपयी ही सर्वांत कामाची ठरली. काही महिन्यांत कीड आटोक्यात आली. ती नाहीशी झाली नाही, आणि होऊही नये. ती थोडी उरली तरच माशीही उरते.

प्रश्न : सोसायटीच्या कारंज्यातले गप्पी मासे फार वाढले आहेत. जवळच्या ओढ्यात सोडले तर डास कमी होतील ना?
(वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : सोडू नका. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा. ओढ्यात तो स्थानिक माशांची अंडी-पिल्लं आणि बेडकांची कोवळी पिल्लं खातो, आणि डासांच्या अळ्या खायला तिथे देशी मासे, चतुराच्या अळ्या, पाण्यातले ढेकूण आधीच असतात. गप्पीची जागा बंद टाकीत, हौदात, वापरात नसलेल्या विहिरीत. ‘दोनच सोडतो’ असंही म्हणू नका. मादी पिल्लांना थेट जन्म देते आणि एकदा मिळालेलं शुक्र महिनोन्‌महिने साठवून ठेवते. एक मादी पुरते.

प्रश्न : उंबराचं फळ फोडलं की आत किडे असतात. ते आत जातात कुठून? आजी म्हणते उंबराला फूल येतं ते रात्री आणि कोणाला दिसत नाही. आणि मग अंजिरातही किडे असतात का? आम्ही शाळेच्या प्रकल्पासाठी विचारत आहोत.
(इयत्ता आठवीचे विद्यार्थी, वाई)

उत्तर : फूल दिसत नाही हे आजींचं अगदी खरं. उंबर हे फळ म्हणून ओळखलं जातं, पण तो असतो आत वळलेला फुलोरा. शेकडो बारीक फुलं आतल्या भिंतीला चिकटलेली असतात. देठाच्या विरुद्ध टोकाला बारीक खवल्यांनी बंद केलेलं एक छिद्र दिसेल, तेच दार.

हे किडे म्हणजे गांधीलमाशीच्या जातीतल्या बारीक माश्या. हिरव्या, कोवळ्या उंबराच्या वासावर त्यांची दीड-दोन मिलिमीटरची मादी येते. दारातून रेटत आत शिरताना तिचे पंख तुटतात. ती आता परत जाणार नाही. अंगावर आणलेले परागकण ती फुलांना लावते आणि काही फुलांत अंडी घालते. अंडी पडलेल्या फुलांत तिची पिल्लं वाढतात, उरलेल्यांत उंबराचं बी. म्हणजे झाड आपल्या काही बिया पिल्लांच्या पोषणाला देऊन टाकतं. काही आठवड्यांनी आधी नर बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. ते माद्यांशी मीलन करतात, फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि बहुतेक तिथेच मरतात. तोवर आतली नरफुलं पिकलेली असतात. माद्या पराग घेऊन त्या भोकातून उडतात. त्यांना आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं, तेवढ्यात योग्य वयाचं दुसरं उंबर सापडायला हवं. म्हणून परिसरातली सगळी झाडं एकाच वेळी फळून चालत नाही, कोणतं ना कोणतं झाड बाराही महिने फळलेलं लागतं. भर उन्हाळ्यात बाकी रान सुकलेलं असताना हरियाल, धनेश, वानरं, वटवाघळं, कांडेचोर उंबरावर दिसतात ते यामुळेच.

प्रयोग असा करा. टणक पण रंग बदलू लागलेली चार-पाच उंबरं काढा, रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा, तोंडाला पातळ मलमल बांधा. जाळीची चाळण चालणार नाही, किडे निसटतात. दुसऱ्या सकाळी बरणीत माद्या फिरताना दिसतील. काहींच्या शेपटीला केसासारखी लांब नळी असेल तर त्या पाहुण्या आहेत. त्या पराग वाहत नाहीत, बाहेरूनच नळी खुपसून अंडी घालतात. एक उंबर उभं चिरून भिंगाखाली ठेवा आणि भोक, फुलं, गाठी यांचं चित्र काढा. फळ लाल होऊन मऊ पडलं असेल तर उशीर झाला, भोक पडून गेलेलं असतं आणि आत इतर अळ्या शिरलेल्या असतात.

अंजिराचं उत्तर सोपं आहे. पुरंदरच्या बागांतलं अंजीर परागीभवनाशिवायच फळतं, त्याला माशी लागत नाही. आजींना निर्धास्त खाऊ द्या.

प्रश्न : हापूसच्या जुन्या कलमांवर बांडगूळ माजलंय. दरवर्षी ओढून काढतो, पुन्हा येतं. तणनाशक मारलं तर?
(वाचक, राजापूर)

उत्तर : तणनाशक नको. बांडगुळाची मुळं कलमाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांना जोडलेली आहेत, औषध कलमातही उतरू शकतं. ओढून काढल्याने फक्त वरचा भाग जातो. फांदीत घुसलेलं शोषकमूळ सालीखाली पसरलेलं असतं, तिथून नवे फुटवे येतात.

जोड दिसते तिथून खोडाकडे किमान ३० सेंटीमीटर अंतर राखून फांदीच कापा. जाड फांदी कापणं परवडत नसेल तर बांडगूळ तासून, शोषकमुळासकट साल-लाकूड खरवडून काढा. दोन्ही प्रकारांत जखमेवर बोर्डो पेस्ट लावा : १ किलो मोरचूद ५ लीटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लीटर पाण्यात, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत, मग एकत्र ओतून ढवळा. लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घाला, नाहीतर साल भाजते. पेस्ट त्याच दिवशी वापरा.

ही सगळी कामं बांडगुळाची फळं पिकण्याआधी उरकली पाहिजेत. फळाचा गर खाऊन बी पसरवतो तो फुलटोचा, चिमणीपेक्षाही लहान पक्षी. बी त्याच्या पोटातून थोड्या मिनिटांतच बाहेर येतं, पण चिकट धाग्याने बुडाला लटकून राहतं. मग तो फांदीवर बूड घासतो आणि बी सालीला चिकटतं. रुजलेलं रोप नजरेत भरायला वर्ष-दोन वर्षं जातात, म्हणून एकदा साफ केलेली बाग पुढची दोन-तीन वर्षं तपासावी लागते. बांधावरच्या आंब्या-किंजळावर तसंच सोडलं तर मेहनत वाया.

मात्र रानातलं, देवराईतलं बांडगूळ छाटायला जाऊ नका. त्याची नळीसारखी फुलं सूर्यपक्ष्यांना मध देतात आणि हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या बांडगुळाच्याच पानांवर वाढतात. बांडगुळाची स्वतःची पानं हिरवी असतात, साखर ते स्वतः करतं. झाडाकडून पाणी आणि क्षार घेतं. धडधाकट झाड दोन-चार बांडगुळं सहज वागवतं. फळाच्या बागेत मात्र प्रत्येक फांदीचा हिशोब असतो, तिथे दयामाया नको.

प्रश्न : आमच्या गोशाळेत मेलेली जनावरं पूर्वी गावाबाहेर टाकत. गिधाडं तासाभरात फडशा पाडत. आता कुत्री जमतात. जनावर उघड्यावर टाकावं की पुरावं? गिधाडं परत येतील का?
(वाचक, त्र्यंबकेश्वर तालुका)

उत्तर : ते जनावराला शेवटच्या दिवसांत कोणतं औषध दिलं होतं यावर ठरवा. १९९० च्या दशकात देशातली पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडं झपाट्याने मेली. रोग असेल असा तर्क होता. २००४ मध्ये कारण सिद्ध झालं : ताप-सूज उतरवणारं डायक्लोफिनॅक. ते दिलेलं जनावर दोन-तीन दिवसांत मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातलं एक अशी उरली.

शंभरात एखादंच मृत जनावर विषारी असलं तरी एवढा नाश होतो. एका जनावरावर डझनावारी गिधाडं उतरतात, आणि जोडी वर्षाला अंडं घालते एकच. पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. मरण थव्याने, जन्म एकेक. ही तूट कशानेच भरत नाही. कुत्री वाढली म्हणजे गिधाडांचं काम झालं असंही नाही. कुत्री सावकाश खातात, तुकडे पसरवतात आणि माणसाला चावतात.

जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जात, म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलीटरवर आणली. असिक्लोफिनॅक जनावराच्या शरीरात जाऊन डायक्लोफिनॅकच बनतं आणि किटोप्रोफेनही गिधाडांना मारतं. दोन्ही २०२३ पासून जनावरांसाठी बंद. तुमच्या डॉक्टरांकडे मेलॉक्झिकॅम किंवा टोल्फेनॅमिक ॲसिड मागा. ही दोन गिधाडांना निर्धोक ठरली आहेत.

गोशाळेत प्रत्येक जनावराची औषधाची वही ठेवा : तारीख, औषध, मात्रा. मरणाआधीच्या आठवड्यात मेलॉक्झिकॅम-टोल्फेनॅमिक सोडून दुसरं वेदनाशामक दिलं असेल, किंवा काय दिलं हेच सांगता येत नसेल, तर जनावर पुरा. खड्डा एवढा खोल हवा की वर किमान एक-दीड मीटर माती येईल, आणि तो विहीर-ओढ्यापासून लांब असावा. रोगाने, विषबाधेने किंवा दयामरणाचं इंजेक्शन देऊन मेलेलंही पुरायचंच. बाकी जनावरं वन विभागाशी बोलून ठरवलेल्या, कुंपण घातलेल्या जागी ठेवता येतात. वर विजेच्या तारा नकोत, आणि कुंपण कुत्र्यांना अडवणारं हवं. कातडं काढलं तर गिधाडांना खायला सोपं जातं.

परत येतील का, तर तुमच्या भागात ती पूर्ण गेलेलीच नाहीत. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं आहेत आणि ती अन्नाच्या शोधात दिवसात कित्येक किलोमीटर फिरतात. वही चोख ठेवलीत आणि जागा शांत असली तर ती हेरायला त्यांना फार वेळ लागणार नाही. पहिले काही महिने कावळे आणि घारीच दिसतील. जनावर ठेवणं तेवढ्यावरून बंद करू नका.